‘वहिनी, जंगल आपलंच आहे!’

मी विचारलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या ओळखीपाळखीत सध्या गोष्ट अशी फिरते आहे की वहिनींना जंगलाची हौस, वहिनींनी हट्ट धरला आणि बिचारे भाऊजी त्यात अडकले. हट्ट मी धरलेला नव्हता. ‘‘रात्री मुक्काम करायला परवानगी लागते का हो?’’ हे मी बुलढाण्याहून निघायच्या आधी विचारलं, वाटेत चहाला थांबलो तेव्हा विचारलं आणि तंबूच्या मेखा ठोकायला घेतल्या तेव्हाही विचारलं. उत्तर दरवेळी एकच. ‘‘वहिनी, जंगल आपलंच आहे. परवानगी कसली आणि पैसे कसले!’’

हे भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे सहकारी. त्यांना जंगलातलं सगळं कळतं अशी ख्याती आहे. ती कुणी पसरवली ते विचारू नका. 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ तेलंगणातून फिरून, 1300 किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. त्या वाघाबद्दल भाऊजी असं बोलतात की त्याला वाट त्यांनीच दाखवली असावी. त्यांचा पुतण्या अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. तिकडच्या राष्ट्रीय वनांमध्ये मोटार घेऊन जायचं, सोयीच्या तळांपासून लांब कुठेतरी तंबू टाकायचा, साधारणपणे 14 दिवसांपर्यंत राहायचं आणि एक पैसा द्यायचा नाही, अशी पद्धत आहे. हे खरं आहे, मी मागाहून खात्री करून घेतली. पण पाण्यापासून अंतर राखून तंबू टाकायचा, कचरा परत न्यायचा, कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदी आली की काडीसुद्धा ओढायची नाही, हेही त्याच पद्धतीत येतं. भाऊजींनी व्हिडिओ कॉलवर पुतण्याचा तंबू तेवढा पाहिला आणि तिकडचा नियम उचलून अजिंठ्याच्या डोंगरात आणून ठेवला.

आपल्याकडे 1927 चा भारतीय वन अधिनियम चालतो. इंग्रजांच्या काळातला. त्यातल्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात परवानगीवाचून शिरणं हाच गुन्हा आणि विस्तव पेटवणं हा वर दुसरा. अभयारण्य असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. तिथे साधा प्रवेशसुद्धा परवान्याशिवाय नाही, मुक्कामाची गोष्टच सोडा. भाऊजींचा हिशोब असा होता की आपण ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहोत, म्हणजे मोकळे आहोत. हा गैरसमज फार जणांचा आहे, म्हणून सांगते. अभयारण्याची हद्द संपली म्हणजे सरकारी जंगल संपत नाही. अभयारण्य वन्यजीव विभागाकडे, बाहेरचं राखीव जंगल प्रादेशिक वनविभागाकडे. साहेब बदलतो, मनाई राहतेच.

महाशिवरात्र होऊन गेली होती. पळस फुलले होते, सागाची पानं गळून खाली पापडासारखा थर झाला होता. आम्ही दोघं, आमची दोन मुलं, भाऊजी आणि त्यांचा मुलगा. त्यांची बायको आली नाही. ती शहाणी बाई, नवऱ्याला जास्त ओळखते. गाडी कच्च्या वाटेनं आत घातली, एका नाल्याच्या काठी सपाटी दिसली. जागा सुंदर होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला कळलं ते तिथे, गाडीतून सामान उतरवताना. भाऊजी आमच्या ह्यांना म्हणाले, ‘‘गाडी जरा आत घ्या, त्या घाणेरीच्या जाळीआड. वाटेवरून दिसायला नको.’’

माझ्या हातात पाण्याचा कॅन होता. तो तसाच खाली ठेवला. सकाळपासून जो माणूस परवानगी कसली म्हणतो आहे, त्याला गाडी लपवायची गरज का पडावी? म्हणजे भाऊजींना माहीत आहे. माहीत नसतं तर मी एवढी चिडले नसते. अज्ञान असतं माणसाला, मलाही शंभर गोष्टींचं आहे. पण भाऊजींना माहीत होतं, आणि तरी मला उत्तर देताना त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, बायकांच्या शंकांना पुरुष जे हसतात ते. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, गाडी का लपवायची?’’ तर म्हणाले, ‘‘अहो वहिनी, गावातली पोरं हवा काढतात.’’ आमचे हे गप्प. सहकारी आहे, उद्या कार्यालयात तोंड बघायचं आहे. ही भीड फार महागात जाते.

मग शेकोटी. मी नको म्हटलं होतं, हेही लिहून ठेवते. वाळलेला पालापाचोळा, वर वारा. भाऊजींनी तीन दगड मांडले आणि पेटवलीच. रात्री जेवणं आटोपून मुलं तंबूत शिरली होती, तेवढ्यात वरच्या अंगानं बॅटऱ्यांचे झोत आले आणि आवाज आला, ‘‘कोन हाय रे? विस्तू इझवा पयले!’’

एक वनरक्षक होता आणि बरोबर दोन वनमजूर. मला त्या माणसांचं एक फार पटलं. त्यांनी आधी नाव-गाव विचारलं नाही. हिरव्या फांद्या तोडल्या, विस्तव झोडपून विझवला, वर माती लोटली, हात लावून राख पाहिली आणि मग आमच्याकडे वळले. ‘‘इथं काय करून राह्यले तुमी? लेकरं घेऊन?’’ भाऊजींनी जागा ई-क्लासची, म्हणजे वनाची नव्हे, सरकारी पडीक आहे असं ठणकावून सांगितलं. वनरक्षकानं काही न बोलता बॅटरीचा झोत आमच्या तंबूमागे टाकला. चुना फासलेला दगडी बुरूज, वर आकडा घातलेला. वनहद्दीची खूण. आणि त्या बुरुजावर भाऊजींनी आपला टॉवेल वाळत घातला होता.

एवढ्यावर ते थांबले असते तरी मी हे लिहिलं नसतं. पण शेकोटीचं विचारल्यावर ते जे बोलले ते माझ्या कानातून जात नाही. ‘‘वहिनींना थंडी वाजत होती. त्याच म्हणाल्या, पेटवा म्हणून.’’ मी स्वेटर घालून तंबूच्या दाराशी बसले होते. वनमजुरांतला वयस्कर माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘ताई, कालच या नाल्यात अस्वल उतरलं व्हतं. पिलू व्हतं संग.’’ बोरी पिकल्या होत्या, नाल्यात अजून पाणी होतं. अस्वल तिथं येणार नाही तर कुठं जाईल! जंगलातलं सगळं कळणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

जबाब झाला, सामान आवरून त्याच रात्री निघालो, दुसऱ्या दिवशी जाऊन दंड भरला. पावती आमच्या ह्यांच्या नावावर, कारण गाडी आमची. वनरक्षक जाताना एवढंच म्हणाला, ‘‘पलीकडं अभयारन्यात असते नं, तं गाडी बी जमा झाली असती.’’

आता ज्यांना असं फुकट, मोकळ्यावर राहायचं आहे त्यांच्यासाठी. हौस मेली नाही माझी, आम्ही त्यानंतरही राहिलो आहोत आणि शांत झोपलो आहोत.

जंगलात फुकट जागा शोधू नका. जंगलाला लागून शोधा. आपल्याकडे हे कोण करतं ते बघा. मेंढपाळ. पिकं निघाल्यावर ते कळप घेऊन गावोगाव फिरतात, शेतकरी स्वतः बोलावून त्यांना शेतात बसवतो, कारण लेंड्यांचं खत मिळतं. मालकाच्या तोंडचा होकार आणि रिकामं रान, एवढ्यावर त्यांचा मुक्काम चालतो. आपण खत देऊ शकत नाही, पण होकार मागू शकतो. तूर, हरभरा निघाला की डोंगराच्या पायथ्याची पुष्कळ शेतं मोकळी होतात. मोताळ्याकडे, सातपुड्याच्या बाजूला जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यात अशी रानं आहेत की तंबूतून थेट डोंगर दिसतो. उजेडी गावात जा, पोलीस पाटलांना सांगा, शेताचा मालक शोधा, त्याच्याशी बोला. त्याच्या पुतण्याशी नाही, ‘मी सांगतो त्याला’ म्हणणाऱ्याशी तर नाहीच. वऱ्हाडातला शेतकरी एका रात्रीसाठी नाही म्हणत नाही, उलट भाकर-पिठलं घेऊन येतो. पैसे घेत नसेल तर त्याच्याकडून हरभरा विकत घ्या.

गट क्रमांक विचारून सातबारा पाहून घ्या, महाभूलेखवर दिसतो. आता कुणी म्हणेल एका रात्रीसाठी सातबारा? हो, एका रात्रीसाठी. डोंगरकडेला काही जमिनी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या असतात. कसणाऱ्याचा हक्क खरा, पण जमीन वनाचीच राहते. त्या माणसाचा होकार प्रामाणिक असला तरी तो तुम्हाला वाचवत नाही, आणि तुमच्या पायी त्याला त्रास होतो तो निराळा. आणि कुणी ‘ई-क्लास आहे’ म्हणालं की सावध व्हा. ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक, गावाच्या गुराढोरांसाठी राखलेली. तिच्यावर कुठे अतिक्रमण असतं, कुठे वनीकरणाची रोपं लावलेली असतात, आणि ती नेमकी कुठे संपते हे जमिनीवर उभं राहून कळत नाही. मोबाइलच्या नकाशात जंगल हिरवं दिसतं, हद्द दिसत नाही. जमिनीवरचे बुरूज शोधा, झाडावरचे आणि पाट्यांवरचे कक्ष क्रमांक बघा. दिवसा दिसतात.

अंधार पडल्यावर शेताच्या बांधाबांधानं हिंडू नका. हे कुणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगते. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण कुंपणाच्या तारेत चोरून थेट विजेचा प्रवाह सोडतात. सौर झटका मशीनचा झटका बसतो आणि माणूस वाचतो, थेट प्रवाहानं माणूस जागीच जातो. मालकाला उजेडी विचारून घ्या, कुठल्या बांधाला तार आहे, जागलीला कोण कुठे बसतं. तुमचा तंबू तिथे आहे हे जागल्यालाही माहीत हवं, नाहीतर तो तुम्हाला डुक्कर समजून गोफण फिरवेल.

पाणवठ्याजवळ तंबू नको. उन्हाळा लागला की नाल्यातलं उरलेलं डबकं हे सगळ्या जंगलाचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा मोहाखाली तर मुळीच नको, पहाटे तिथे अस्वल असतं आणि फुलं वेचायला आलेल्या बायकाही. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात. या काळात शेतातसुद्धा शेकोटी करू नका, गॅसची लहान शेगडी न्या. वणवा किंवा जखमी प्राणी दिसला तर वनविभागाचा 1926 हा फुकट क्रमांक आहे. तंबूची चेन कायम लावलेली ठेवा, मण्यार अंथरुणात येते. पाणी भरपूर घ्या, बॅटरी घ्या, औषधं घ्या, घरी सांगून जा, हे काय मी सांगायला हवं!

जंगलाच्या आतच रात्र काढायची असेल तर सरळ मार्ग आहेत, फुकट नाहीत एवढंच. बुद्धपौर्णिमेला मेळघाट व्याघ्र प्रकल्पातर्फे पाणवठ्यांवर मचाणावर रात्रभर बसता येतं, पैसे भरून, आधी नाव नोंदवून. ज्ञानगंगाही त्यात येतं. त्या रात्री जे दिसतं ते आमच्या भाऊजींना जन्मात दिसलेलं नाही. लोणारला विवरात उतरून तंबू टाकू म्हणणारेही भेटले आहेत मला. तेही अभयारण्य आहे, शिवाय 2020 पासून रामसर यादीतलं. काठावर गावात राहा, सकाळी उतरा.

आणि सोबत कोण आहे ते बघा. ‘मी बघून घेतो’ म्हणणाऱ्याला लगेच विचारा, ‘‘कुणाशी बोललात? कधी? नंबर द्या, मी पण बोलते.’’ नंबर देताना जो ‘अहो वहिनी’ करतो, त्याच्या गाडीत सामान चढवू नका. सहकारी असो नाहीतर सख्खा दीर असो.

भाऊजी आता पावसाळ्यात अंबाबरव्याला न्यायला माणसं जमवत आहेत, असं ऐकते. सातपुड्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे तो. ‘आपलंच जंगल आहे’ हे चालूच आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी आधी आमच्याकडे येऊन दंडाची पावती बघून जावी. तिचा अर्धा वाटा त्यांच्याकडून अजून यायचा आहे.