पडदा नव्हता, घडी होती

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘पित्ताच्या पिशवीत पडदा’ असं काही आलं, की घरचे लगेच ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव करू लागतात. आमच्या सेलूच्या घरी तेच झालं. थोरल्या जाऊबाईंना जेवणानंतर छातीखाली जळजळ व्हायची. परभणीला सोनोग्राफी झाली आणि एका डॉक्टरांनी पिशवी काढूनच टाका म्हटलं. भाऊजींनी घरात ठेवलेलं सोयाबीन विकायला काढलं.

मला चहा खटकला. जाऊबाई सकाळच्या गाडीला निघताना दुधाचा चहा आणि बिस्किटं घेऊन गेल्या होत्या. दूध-तूप पोटात गेलं की पिशवी पित्त सोडून आकसते, मग आतलं नीट दिसत नाही. उपाशीपोटी आलात का, हे तिथं कुणी विचारलंच नाही. त्याचा राग मला अजून आहे. सहा ते आठ तास पोट रिकामं हवं, हे पेशंटला आदल्या दिवशीच सांगायला नको का?

दुसरीकडे उपाशी नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी डाव्या कुशीवर वळवून, श्वास धरायला लावून पाहिलं. पडदा नव्हताच, पिशवीचं टोक दुमडलेलं होतं. याला ‘फ्रिजियन कॅप’ म्हणतात. शंभरात एक ते सहा जणांत ही जन्मजात ठेवण सापडते. खडा नाही, भिंत सुजलेली नाही, तर निव्वळ घडीसाठी पिशवी काढत नाहीत. जळजळ आम्लपित्ताची निघाली, गोळ्यांनी थांबली.

सगळेच फरक इतके निरुपद्रवी नसतात. साधारण चार हजारांत एकाला दोन पिशव्या असतात. एक काढली आणि दुसरी खड्यांसकट आत राहिली, असं घडलेलं आहे. क्वचित एखाद्याला पिशवीच नसते आणि सोनोग्राफीत ती ‘आकसलेली’ समजली जाते. अशी शंका असेल तर ऑपरेशनआधी एमआरसीपी करायची का, हे सर्जनला स्पष्ट विचारा. तो एमआरआयचाच प्रकार आहे, त्यात पित्तनलिकांची वाट दिसते. जुने रिपोर्ट आणि फिल्मही सोबत न्या.

आणि उजव्या बरगडीखाली न थांबणारी कळ आली, थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर जन्मजात ठेवण म्हणून घरी थांबू नका. रात्र असली तरी जिल्हा रुग्णालय गाठा.