ओसाड प्रदेशांतील श्वापदें

पंचगंगेकांठच्या उसांत गवा शिरल्याची वार्ता आली म्हणजे आपल्या कसबा बावड्यांत दोन दिवस दुसरें बोलणें नसतें. कोणी तो प्रत्यक्ष पाहिलेला असतो, कोणी त्याच्या खुरांचे ठसे; आणि राधानगरीचें रान सोडून हें जनावर इतक्या लांब कां आलें, याविषयीं ज्याचें त्याचें मत असतें. अशाच एका दिवशीं वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला: “सर, रशियांत चेर्नोबिलला अणुभट्टी फुटली, माणसें निघून गेलीं, आणि आतां तेथें लांडगे, हरिणें, रानडुकरें सुखानें वाढलीं आहेत म्हणतात. मग किरणोत्सर्ग जनावरांस मानवतो काय?” वर्गांत हंशा पिकला. परंतु प्रश्न हंसण्याजोगा नव्हता, आणि तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत त्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करितों.

आरंभीं एक दुरुस्ती केली पाहिजे. चेर्नोबिल रशियांत नसून युक्रेन देशांत, बेलारूसच्या सीमेनजीक आहे; त्या वेळीं हे सर्व देश सोव्हिएत संघराज्यांत मोडत. ता. २६ एप्रिल १९८६ रोजीं उत्तररात्रीं तेथील चौथी अणुभट्टी फुटली, व सुमारें दहा दिवस तींतून किरणोत्सर्गी द्रव्यें वाऱ्यावर पसरत राहिलीं. त्या वर्षीं सुमारें १,१६,००० लोकांस घरदार सोडावें लागलें, आणि भट्टीभोंवतींचा ३० किलोमीटर त्रिज्येचा प्रदेश रिकामा करण्यांत आला. हें अंतर ध्यानांत येण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं जिल्ह्याच्या नकाशावर कंपासाचें टोंक कसबा बावड्यावर टेकवून वर्तुळ काढावें. अवघें कोल्हापूर शहर, जोतिबाचा डोंगर, पन्हाळा, कागल, इचलकरंजी हीं सर्व त्या वर्तुळांत सांपडतील. एवढ्या मुलुखांतील शाळा, बाजार, देवळें, चर्चें, उसाचे फड एकाएकीं ओस पडले, अशी कल्पना करावी.

पहिल्या वर्षीं तेथील श्वापदांस सुख मुळींच नव्हतें. भट्टीनजीकचें पाईन वृक्षांचें रान तांबूस होऊन मरून गेलें. त्यास अद्यापि ‘तांबडें रान’ असेंच म्हणतात. अतिदूषित जागीं उंदरांसारख्या लहान सस्तन प्राण्यांची संख्या त्या पानगळीपर्यंत कोठें निम्म्यावर, तर कोठें दहाव्या हिश्शावर आली. पुढील वसंतांत ती पुनः भरूं लागली खरी. परंतु ती भरली मुख्यतः शेजारच्या रानांतील उंदीर रिकाम्या जागेंत येऊन राहिल्यामुळें. ही गोष्ट विसरूं नये, कारण पुढील सर्व विवेचन हिच्यावर अवलंबून आहे.

मोठ्या प्राण्यांची हकीकत बेलारूसकडील भागांत विशेष काळजीनें नोंदली गेली. तेथें १९८८ साली राखीव रान करण्यांत आलें. हेलिकॉप्टरांतून केलेल्या मोजदादींत असें दिसलें कीं, अपघातानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत एल्क व रो या जातींचीं हरिणें आणि रानडुकरें वाढत गेलीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या रानाची त्या बाजूच्या चार निर्दूषित राखीव रानांशीं तुलना केलेली आहे. हरिणें व डुकरें येथें तेथल्याइतकींच आढळलीं. लांडगे तर सातपटींहून अधिक! कारण गूढ नाहीं. बंदूक गेली, नांगर गेला, रस्त्यावरील वाहनें गेलीं. मोशेच्या नियमशास्त्रांत दर सातव्या वर्षीं भूमीस विसावा द्यावा असें सांगितलें आहे. या भूमीस विसावा मिळाला, पण तो कोणी आज्ञा पाळून दिलेला नव्हे.

तर मग किरणोत्सर्ग मानवतो काय? आमचा हजेरीपट पाहा. वर्गांत चाळीस मुलें हजर, एवढें तो सांगतो. त्यांपैकीं कितींस ताप आहे, हें सांगत नाहीं. लांडग्यांची संख्या हा असा हजेरीपट आहे. चेर्नोबिलच्या रानांत व्होल नांवाचा एक आंखूड शेपटीचा उंदीर असतो. जेथें किरणोत्सर्ग अधिक, तेथें या व्होलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू अधिक आढळले, व माद्यांस पिलेंही कमी होत असल्याचें दिसलें. शिवाय रानांतील उंदराचें आयुष्य एखाद्या वर्षाचें. जो रोग जडण्यास पुष्कळ वर्षें लागतात, तो त्यास गांठण्यापूर्वींच घुबड गांठतें. मनुष्याचें तसें नाहीं. आणि विद्वानांतही एकमत नाहीं: बर्फावरील पावलांचे ठसे मोजून, अधिक दूषित जागीं सस्तन प्राणी कमी आहेत, असा निष्कर्ष कांहीं शास्त्रज्ञांनीं २०१३ सालीं काढला आहे.

जपानांत फुकुशिमा येथें मार्च २०११ मध्यें अपघात झाला, तेथेंही हेंच दुहेरी चित्र आहे. झाडांस बांधलेल्या कॅमेऱ्यांनीं टिपलेलीं दोन लाखांहून अधिक छायाचित्रें अभ्यासून २०२० सालीं असें सांगण्यांत आलें कीं, माणसें नसलेल्या भागांत रानडुकरें अधिक आहेत. मात्र त्याच प्रांतांतील वानरांच्या रक्तांत पांढऱ्या पेशी कमी भरल्या.

हा विषय आपणांस अगदींच परका नाहीं. आपल्या सह्याद्रींत कारवार बाजूस, काळी नदीच्या कांठीं कैगा येथें दाट अरण्यांत २००० सालापासून अणुवीजकेंद्र चालूं आहे. केरळच्या किनाऱ्यावर तर मोनाझाइट वाळूमुळें जमीनच स्वभावतः किरणोत्सर्गी आहे. तेथील काळ्या उंदरांचीं हाडें व दांत बाहेरच्या उंदरांशीं ताडून पाहण्यांत आले. १९६६ साली त्याचा वृत्तांत निघाला, त्यांत ठळक फरक आढळला नाहीं. परंतु ती मात्रा तांबड्या रानांतील मात्रेच्या मानानें अगदींच अल्प होय. एकीवरून दुसरीचा निर्णय करूं नये.

आतां अन्नाविषयीं. सीझियम-१३७ हें द्रव्य शरीरास पोटॅशियमसारखें भासतें, म्हणून तें स्नायूंत शिरतें. त्याचें अर्धायुष्य सुमारें ३० वर्षें, म्हणजे इतक्या काळानें तें निम्में उरतें. आपल्या मसाल्यांत जें दगडफूल असतें, त्याच्याच वर्गांतील वनस्पति उत्तर युरोपांतील रेनडिअर हिंवाळ्यांत खातात. तिला मुळें नसतात, ती हवेंतूनच पोषण घेते; म्हणून वाऱ्याबरोबर आलेलें सीझियम तिनें थेट उचललें, व स्वीडनांतील सामी लोकांस आपल्या जनावरांचें पुष्कळ मांस फेंकून द्यावें लागलें.

हरिणांच्या मांसांतील सीझियम पुढें ओसरलें, पण जर्मनींतील रानडुकरांचें ओसरेना. हीं डुकरें जमीन उकरून खालची एक जातीची अळंबी खातात, आणि मातींत हळूहळू मुरणारें सीझियम त्या अळंबींत सांठतें. २०२३ साली शास्त्रज्ञांनीं हें मांस तपासलें, तेव्हां त्यांत चेर्नोबिलचेंच नव्हे, तर १९६० च्या सुमारास हवेंत केलेल्या अणुबाँबच्या चांचण्यांचेंही सीझियम सांपडलें. सुमारें चौथ्या हिश्शाच्या नमुन्यांत तर त्या जुन्या सीझियमानेंच विक्रीची मर्यादा ओलांडली होती. बव्हेरियांत रानडुकराचें मांस बाजारांत जाण्यापूर्वीं अजूनही यंत्रावर तपासावें लागतें.