फौजी काका सिनेमा सोडून का उठले?



प्रजासत्ताक दिनाला खालापूर तालुक्यातल्या एका वस्तीत, समाजमंदिरात पडदा लावून 'बॉर्डर' दाखवला. पोरं पुढे बसली होती, बाया कडेला. रणगाड्यांचे आवाज सुरू झाले तसे मागे खुर्चीवर बसलेले एक निवृत्त फौजी काका उठले आणि बाहेर गेले. कोणीतरी म्हणालं, "फौजी असून घाबरला!" सगळे हसले.

मी मागोमाग गेले. काका नळाजवळ उभे होते. थंडीतही त्यांना घाम सुटला होता, हात कापत होते. मी काही विचारलं नाही, नुसती शेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ताई, सिनेमात मेलेला माणूस शूटिंग संपलं की उठून घरी जातो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, "रात्री दोन-तीनदा उठून कडी बघतात. दिवाळीत घराबाहेर पडत नाहीत. नातवाने फुगा फोडला तर त्याच्यावर हात उगारला आणि मग स्वतःच रडत बसले. लोक म्हणतात, तापट आहेत. मला वाटतं, आत काहीतरी दुखतंय."

काकूंचा अंदाज बरोबर होता. दोघांच्या परवानगीने, त्यांची ओळख न देता हे लिहिते आहे.

सिनेमा काय दाखवतो, काय सोडतो?

१९९७ चा 'बॉर्डर' १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवर आहे. त्यात जवानांचं मन दिसतच नाही असं नाही. घरच्या पत्राने गलबलणारे जवान आहेत, आजारी बायकोसाठी रजा मागणारा जवान आहे, माणसावर गोळी झाडताना कचरणारा तरुण अधिकारी आहे. शेवटी सिनेमा शांततेची हाकही देतो. पण लढाई संपली की सिनेमा संपतो. जे जगले ते घरी जाऊन कसे झोपले, हे आपल्याला कळत नाही. १९६२ च्या युद्धावरच्या 'हकीकत' मध्ये (१९६४) थकलेले, मागे हटणारे जवान दिसतात. तोही रणभूमीवरच थांबतो.

नाना पाटेकरांचा 'प्रहार' (१९९१) मात्र सैनिकाला शहरात आणतो. मेजर चव्हाण कमांडोंना तयार करणारा कडक अधिकारी. त्याच्या हाताखालचा पीटर कारवाईत जायबंदी होऊन घरी परततो आणि हप्ता मागणारे गुंड त्याला मारतात. गल्ली गप्प राहते. मेजरसाठी मग गल्लीच रणभूमी होते. शेवटी न्यायालय त्याला मनोरुग्णालयात पाठवतं. म्हणजे इथेही उपचार दिसत नाहीत, मनोरुग्णालय शिक्षेसारखंच दिसतं.

अशा सिनेमांतून आपण नकळत दोन गोष्टी शिकलो. शूर माणूस आतून मोडत नाही, आणि मोडला तर त्याची जागा 'वेड्यांच्या इस्पितळात'. दोन्ही चूक आहेत.

लपवून ठेवलेला सिनेमा

दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने अमेरिकन लष्करासाठी 'लेट देअर बी लाइट' हा माहितीपट केला. त्यात नट नाहीत, लष्करी रुग्णालयातले खरे सैनिक आहेत. कोणाची वाचा अडखळते, कोणाचे पाय चालत नाहीत, कोणी बोलता बोलता रडतो. उपचारांनी ते सावरतानाही दिसतात. लष्कराने हा सिनेमा १९४६ पासून दाबून ठेवला, तो १९८० च्या अखेरीस लोकांसमोर आला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी या आजाराला आपल्या अधिकृत यादीत जागा दिली. त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतरचा मानसिक आजार.

हा भित्रेपणा नाही

जिवावरच्या प्रसंगात मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. त्यामुळेच माणूस वाचतो. या आजारात धोका टळला तरी ती घंटा थांबत नाही. फटाका वाजला तरी शरीर युद्धावर जातं. त्याचा शौर्याशी संबंध नाही.

आपल्या समाजाला लष्कराचा वारसा आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या शौर्याचा अभिमान आपण बाळगतोच. पण कलिंग जिंकलेल्या सम्राट अशोकाचा तेरावा शिलालेखही आठवावा. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली, आणि याचं आपल्याला दुःख आहे, असं त्याने दगडावर कोरून ठेवलं. जिंकलेल्या राजाला दुःख सांगायची लाज वाटली नाही. मग आपल्या फौजी भावाला का वाटावी?

हा आजार फक्त फौजींना होतो असंही नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा दुर्घटनेतून, एक्सप्रेसवेवरच्या अपघातातून किंवा अत्याचारातून वाचलेल्या बाई-माणसालाही तो होऊ शकतो.

ओळखायचं कसं?

पुढील त्रास महिन्याहून जास्त टिकला तर डॉक्टरांना दाखवा:

- तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याचीच स्वप्नं पडणं
- आठवण करून देणारी जागा, आवाज, बातम्या, विषय टाळणं
- माणसांत मन न लागणं, "मी का वाचलो" असं वाटणं
- झोप न लागणं, दचकणं, एकदम चिडणं, सतत सावध राहणं

घरच्यांनी काय करावं?

- झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका. थोडं लांबून नाव घ्या, दिवा लावा, "तुम्ही घरी आहात" असं सांगा.
- "काय झालं होतं?" म्हणून खोदून विचारू नका. स्वतः बोलले तर मध्ये न तोडता ऐका.
- दारूने आधी झोप लागते, पण ती मध्यरात्री मोडते आणि आजार वाढतो. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या परस्पर आणू नका.
- अंगारा, उतारा, भगत यांत वेळ आणि पैसा घालवू नका.
- मारहाण होत असेल तर सहन करू नका. आजार हे मारण्याचं कारण होऊ शकत नाही. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेवा.
- मरणाची भाषा केली तर सरळ विचारा, "जीव द्यावा असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार वाढत नाही. एकटं सोडू नका, कीटकनाशक आणि दोर नजरेआड करा आणि लगेच रुग्णालयात न्या.

उपचार कुठे?

समुपदेशनाची खास पद्धत आणि गोळ्या, दोन्हींनी फरक पडतो. गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून आठवड्यात सोडून देऊ नका, बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. सुरुवात कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात करा. माजी सैनिकांनी ईसीएचएस कार्ड वापरावं. कागदपत्रांसाठी अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

काका आता महिन्याला डॉक्टरांकडे जातात. रात्री अजून उठतात, पण एकदाच. पुढच्या वेळी पडदा लावाल तेव्हा सिनेमात गोळीबार आहे हे आधी सांगा आणि दाराजवळची खुर्ची मोकळी ठेवा. कोणी उठून गेलं तर हसू नका. एकाने पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्या मागे जावं.