ऋणाकडे पाहण्याची दृष्टि

रुपया सर्वत्र सारखाच मोजला जातो. परंतु कर्ज म्हणजे काय, ह्याविषयींची समजूत सर्वत्र सारखी नसते. ही समजूत राष्ट्रावरून ठरते, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें ती संस्कारांवरून ठरते.

जर्मन भाषेंत 'शुल्ड' ह्या एकाच शब्दाचे कर्ज व अपराध असे दोन्ही अर्थ होतात. डच भाषेंतही तसेंच आहे. राष्ट्रें दोन, पण कर्जास दोष मानणारा शब्द एकच. उलट, आपल्याकडे एकाच बांधाच्या दोन बाजूंस पाहावें. हिंदु शेतकरी व्याज देणें-घेणें हा व्यवहार समजतो. त्याच्या धर्मनिष्ठ मुसलमान शेजाऱ्यास तेंच व्याज निषिद्ध वाटतें. राष्ट्र मात्र दोघांचें एकच.

आपल्या परंपरेंत ऋण हा दोष नसून कर्तव्य आहे. देव, ऋषि व पितर ह्यांचें ऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो, असें शास्त्र सांगतें. पित्याचें कर्ज पुत्रानें फेडावें, हा दंडक त्याच विचाराचा. आणि साठलेलें व्याज मुद्दलाहून अधिक मागूं नये, हा दामदुपटाचा नियमही त्याच शास्त्रांतला. मात्र शेतकऱ्यानें पहिला दंडक पाळला, तसा दुसरा सावकारानें सर्वत्र पाळला नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, तें ह्याच असंतोषांतून.

आमच्या नोकरींत आम्हीं असे खातेदार पाहिले कीं, बापाच्या नांवास बट्टा नको म्हणून ते कागद न वाचतांच कर्जाचें नवें-जुनें करून देत. मुद्दल किती, व्याज किती, हें विचारणें त्यांस बापाचा अवमान वाटे. वास्तविक २००५ च्या हिंदु वारसा दुरुस्ती कायद्यानें, त्यानंतरच्या कर्जासाठीं केवळ पुत्रधर्म म्हणून मुलावर दावा चालत नाहीं. वारसानें आलेल्या मिळकतीपुरती जबाबदारी मात्र राहते.

संस्कार टाकून द्यावा, असें आम्ही म्हणत नाहीं. जर्मनींतील रायफायझन ह्यांनीं १८६४ साली हेडेसडॉर्फ येथें पतसंस्था काढली, ती शेजाऱ्यानें शेजाऱ्याची हमी घ्यावी ह्या गांवच्या रीतीवरच. आपल्याकडील १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्याच वळणाचा होता.

तरी शेतकरी बंधूंनीं इतकें करावें: वारसनोंदीच्या वेळीं सात-बाराच्या इतर हक्कांतील बोजा वाचावा, मुद्दल व व्याज निरनिराळें लिहून मागावें, आणि मगच सही करावी. हिशेब विचारल्यानें पितृऋण बुडत नाहीं; न विचारल्यानें मात्र जमीन बुडते.