पैसा, कीर्ती की शहाणपण?

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस सुखालाच सर्वस्व मानत असे, असं वाचलं. म्हणजे चांगल्या आयुष्यासाठी आधी भरपूर पैसा आणि नावलौकिक हवा, असंच त्याचं मत असणार ना?

उत्तर : असं वाटणं साहजिक आहे, पण एपिक्युरस (इ.स.पू. ३४१ ते २७०) याच्या नेमकं उलट सांगत होता. ‘खा, प्या, मजा करा’ हा शिक्का त्याच्यावर विरोधकांनी मारला. अथेन्समधल्या त्याच्या बागेत शिष्यांसह राहताना तो भाकरी आणि पाण्यावर भागवत असे. एका पत्रात तो मित्राकडे थोडं चीज मागतो, कशासाठी, तर कधी मनात आलं तर मेजवानी करता यावी म्हणून!

गोंधळ होतो तो ‘सुख’ या शब्दापाशी. त्याच्या मते शरीराला वेदना नाही आणि मनाला घोर नाही, की सुख पूर्ण झालं. भूक भागल्यावर ताटात आणखी पक्वान्नं आली तर चव बदलते, सुख वाढत नाही.

म्हणून त्याने इच्छांचे तीन गट केले. अन्न, पाणी, निवारा या नैसर्गिक आणि आवश्यक. सुग्रास जेवण नैसर्गिक खरं, पण आवश्यक नाही. अमाप संपत्ती आणि कीर्ती मात्र नैसर्गिकही नाहीत आणि आवश्यकही नाहीत. पहिल्या गटाला मर्यादा आहे, म्हणून समाधान मिळतं. तिसऱ्याला मर्यादाच नाही, म्हणून कितीही मिळालं तरी कमीच वाटतं.

लोक कीर्तीमागे धावतात ते सुरक्षित वाटावं म्हणून, हेही त्याने ओळखलं होतं. पण कीर्ती इतरांच्या मतावर टिकते. ती राखण्याची चिंता मागे लागते. खरा आधार त्याला मैत्रीत दिसला. त्याच्या बागेतल्या या मित्रमंडळात स्त्रिया आणि गुलामही शिकत.

याचा अर्थ त्याने दारिद्र्याचं कौतुक केलं, असाही नाही. काटकसरीलाही मर्यादा असते, असं तो सांगे. भरपूर असेल तर उपभोगावं; नसेल तर थोडक्यात भागवता यावं, एवढीच तयारी हवी.

कोणतं सुख पुढे दुःख आणेल आणि कोणतं दुःख सोसणं हिताचं, हे ओळखतं ते शहाणपण. म्हणूनच त्याने शहाणपणाला सर्वांत वरचं स्थान दिलं. पैसा किती पुरे, हे पैसा सांगू शकत नाही. ते शहाणपणालाच ठरवावं लागतं.