दोन मंडळ्या एक होतांना नांव कोणतें ठेवावें?

वाचनाचे भाग: यहेज्केल ३७:१५–२२, प्रेषितांचीं कृत्यें ११:१९–२६, १ करिंथकरांस १:१०–१३. पाठ करावयाचें वचन: योहान १७:२१.

आपल्या किनाऱ्यावरील खेड्यांतून तरुण लोक कामधंद्यासाठीं मुंबई-पनवेलीकडे जातात. मागें राहिलेल्या दोन लहान मंडळ्यांस मिळून एकच पाळक असला, म्हणजे एक होण्याचा विचार केव्हां तरी निघतोच. उपासनेच्या वेळेचा प्रश्न मिटतो, वर्गणीचाही मिटतो; पण नांवाशीं येऊन गाडें अडतें. हा केवळ पोरकट हट्ट आहे असें कोणीं समजूं नये. त्या नांवाच्या मंडळींत कोणाच्या आजोबांनीं बाप्तिस्मा घेतला व त्यासाठीं भावकी सोडली. कोणाच्या आईचें थडगें त्याच मंडळीच्या जागेंत आहे. नांव गेलें म्हणजे आपलीं माणसेंच पुसलीं गेलीं असें त्यांस वाटतें. म्हणून शास्त्र याविषयीं काय शिकवितें तें आपण पाहूं.

देवानें यहेज्केलास दोन काठ्या घेण्यास सांगितलें. एकीवर यहूदाचें व दुसरीवर योसेफाचें नांव लिहावयाचें होतें. मग त्या जोडून एकच काठी करावी अशी आज्ञा झाली. काठ्यांवरील अक्षरें तासून टाकण्यास देवानें सांगितलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. यहूदानें योसेफास गिळिलें असेंही झालें नाहीं. दोन्ही एका हातांत आल्या, आणि तो हात देवाचा होता.

करिंथ येथें याच्या उलट घडलें. कोणी पौलाचें, कोणी अपुल्लोचें, कोणी केफाचें नांव सांगूं लागला. आणि कित्येकांनीं तर ख्रिस्ताचेंही नांव आपल्या पक्षाचें निशाण केलें. यावरून दिसतें कीं, नांव चांगलें असलें म्हणजे मन चांगलें असतेंच असें नाहीं. अंत्युखियाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें यहूदी व हेल्लेणी एका मंडळींत आले. बर्णबा व शौल यांनीं पुरें एक वर्ष त्यांस शिकविलें, आणि तेथेंच शिष्यांस ख्रिस्ती हें नांव मिळालें. तें यहूदी पक्षाचें नव्हतें, हेल्लेणी पक्षाचेंही नव्हतें. एकत्र जीवन आधीं, नांव मागाहून. मूल जन्मण्यापूर्वीं कोणी बारसें करीत नाहीं.

आतां आपल्या कोंकणाशीं संबंध असलेलें उदाहरण घेऊं. सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट येथें स्कॉटिश मिशनरी सोसायटीनें १८२३ सालीं काम सुरूं केलें. १८३५ सालीं तें मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे आलें. १८४३ सालीं त्या चर्चमध्यें फूट पडली, तेव्हां मुंबईचे डॉ. जॉन विल्सन फ्री चर्चमध्यें गेले. पुढें १९०० सालीं फ्री चर्च व युनायटेड प्रेस्बिटेरियन चर्च एक झालीं, व दोन्ही नांवांतील शब्द घेऊन युनायटेड फ्री चर्च हें नांव केलें. १९२९ सालीं त्याचा मोठा भाग चर्च ऑफ स्कॉटलंडशीं पुन्हां एक झाला, तेव्हां वडिलार्जित जुनेंच नांव राहिलें.

इकडे हिंदुस्थानांत १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांनीं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया हें नांव घेतलें. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा चर्चें मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें. हीं नांवें देशाच्या भागावरून घेतलीं, म्हणून कोणत्याही एका पक्षाचा त्यांत जय झाला नाहीं. एक उणीव मात्र राहिली. खेड्यांतील मनुष्य सी. एन. आय. हीं अक्षरें बोलतो, पण त्यांचा अर्थ शेजाऱ्यास मराठींत सांगतांना अडखळतो. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं आपल्या बंधुसमाजास ‘देवाचा दरबार’ हें नांव दिलें. तें नांगर धरणाऱ्यासही समजत असे.

रोमन कॅथॉलिक बंधूंपासूनही शिकण्याजोगें आहे. १९२८ सालीं दमणचा धर्मप्रांत गोव्याशीं जोडला गेला, तेव्हां ‘गोवा व दमण’ अशीं दोन्ही नांवें राहिलीं. त्यांच्या १९८३ च्या धर्मनियमांप्रमाणें मंदिराचें समर्पण झाल्यावर त्याचें नांव बदलतां येत नाहीं. म्हणून धर्मग्राम एक होऊन त्यांस नवें नांव मिळालें, तरी प्रत्येक मंदिराचें जुनें नांव टिकतें. मंडळीचें नांव निराळें व मंदिराचें निराळें, हा भेद आपणांसही उपयोगीं पडेल.

यावरून आम्ही चार सूचना करितों. पहिली, एक वर्ष एकत्र उपासना व प्रभुभोजन करावें, मग नांव निवडावें. दुसरी, नांव मराठी, सर्वांस समजणारें असावें. मोठ्या मंडळीनें केवळ संख्येच्या बळावर आपलें नांव लहानीवर लादूं नये. तिसरी, जुनीं नांवें मंदिरांच्या दगडांवर व बाप्तिस्म्याच्या वहींत जपावीं. १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, म्हणून जुन्या कागदांतील कुलाबा खोटा ठरला नाहीं. चौथी, पाटी बदलल्यानें जमिनीची मालकी बदलत नाहीं. गुजरातेंतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७० च्या ऐक्याच्या ठरावानें ती नव्या चर्चकडे गेली नाहीं, असा निकाल २०१३ सालीं लागला. म्हणून सातबारा व धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींतील नोंदी आधीं तपासाव्या.

बंधुभगिनींनो, ज्या दिवशीं एका मंडळीचा मनुष्य आजारी पडला असतां दुसरीचे लोक न बोलावतां त्याच्या दारीं येतात, त्या दिवशीं दोन काठ्या एक झाल्या असें समजावें. मग नांवास वेळ लागत नाहीं.

विचार करण्यासाठीं प्रश्न:
१. देवानें काठ्यांवर नांवें लिहावयास कां सांगितलें?
२. ख्रिस्ताचें नांव पक्षाचें निशाण कसें होतें?
३. शेजारच्या मंडळीचें नांव टिकावें म्हणून आपण काय सोडण्यास तयार आहों?