औंधचे कलामंदिर

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे राजे लखुजीराव जाधव यांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार आहे. जिजाऊंच्या या जन्मस्थानी उभे राहिले, की मनात प्रश्न येतो : राजघराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या संपत्तीचे पुढे काय होते? काही लुटली जाते, काही विकली जाते, तर काही काळाच्या उदरात गडप होते. परंतु महाराष्ट्रातील एका राजाने आपले कलाधन निराळ्याच रीतीने जतन केले. ते पाहण्यासाठी सातारा जिल्ह्यातील औंध या गावी जावयास हवे.

औंध हे पूर्वी अवघ्या ७२ गावांचे संस्थान होते. १९०९ साली भवानराव पंतप्रतिनिधी तेथील गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती झाली. ते स्वतः चित्रकारही होते. रामायणातील प्रसंगांची चित्रे त्यांनी आपल्या हाताने रंगविली.

अजिंठ्याची डोंगररांग बुलढाणा जिल्ह्यातूनही जाते. त्या रांगेतील जगप्रसिद्ध लेण्यांनी भवानरावांना वेड लावले. तेथील भित्तिचित्रे दिवसेंदिवस झिजत होती. भवानराव चित्रकारांना घेऊन तेथे गेले व त्यांनी त्या चित्रांच्या प्रतिकृती तयार करविल्या. १९३२ साली त्यांनी अजिंठ्यावर एक सचित्र ग्रंथही प्रसिद्ध केला.

अशा या रसिक राजाजवळ मोठा कलासंग्रह जमला. तो राजवाड्यात कुलूपबंद ठेवणे सोपे होते. पण मग तो पाहणार कोण? भवानरावांनी यमाईदेवीच्या डोंगरावर एक स्वतंत्र इमारत बांधविली. १९३८ साली तेथे श्रीभवानी संग्रहालय सुरू झाले.

चित्रांवर थेट ऊन पडले, तर रंग फिके होतात. दालनात अंधार असला, तर ते दिसत नाहीत. म्हणून येथे प्रकाश उंचावरून, सौम्यपणे आत येईल अशी योजना केलेली आहे. राजा रविवर्मा यांची तैलचित्रे, धुरंधरांसारख्या महाराष्ट्रीय चित्रकारांच्या कृती, जुनी लघुचित्रे, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम अशा अनेक वस्तू येथे पाहावयास मिळतात. हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे लहानसे शिल्पही येथे आहे. देवीच्या दर्शनाला आलेला शेतकरी लंडनच्या शिल्पकाराची कला पाहू शकतो, ही केवढी नवलाची गोष्ट!

संग्रहालय उघडल्यानंतर वर्षभरातच, १९३९ साली, भवानरावांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभाराची सत्ताही प्रजेच्या हाती सोपविली. जे आपल्याजवळ आहे, ते सर्वांचे व्हावे, हीच भावना या दोन्ही कृत्यांच्या मुळाशी होती.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. १९५१ साली भवानरावही निवर्तले. राज्य गेले, राजा गेला. परंतु संग्रहालय राहिले. आज ते महाराष्ट्र शासनाच्या देखरेखीखाली आहे. तिजोरीतील रत्न एकाच घराचे असते. लोकांसाठी मांडलेले रत्न साऱ्या देशाचे होते. अशा ठिकाणी आपण गेलो, तर भिंतींवर नावे कोरू नयेत, वस्तूंना हात लावू नये. ते धन आपलेच आहे, म्हणून त्याची राखणही आपणच केली पाहिजे.

स्वाध्याय
१. संग्रहालयात प्रकाशाची विशेष योजना का केली आहे?
२. भवानरावांच्या कोणत्या दोन कृत्यांच्या मुळाशी एकच भावना होती? ती कोणती?
३. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी दहा ओळी लिहा.